बांधावरचा वाख, बांधावरचा रंग

मुंबई परिसरातून मोसमी पाऊस परतण्याची सर्वसाधारण तारीख ८ ऑक्टोबर. या सुमारास पनवेल, उरण आणि बेलापूर पट्टीत हळवं भात कापणीला येतं, गरव्या भाताचा दाणा भरत असतो. घरातली सगळी माणसं खाचरात गुंतलेली, त्यामुळे बांधाकडे बघायला कुणाला सवड नसते. नेमकं याच चार-सहा आठवड्यांत बांधावर, वाडीच्या कुंपणात आणि डोंगरउतारावर एक दुसरं पीक तयार असतं, वाखाचं आणि रंगाचं. केवणीच्या सालीत अजून रस असतो, काळ्या कुड्याची पानं झडलेली नसतात, अंबाडी फुलू लागते आणि वाख कुजवायला खड्ड्यांत पाणी असतं. दिवाळी सरली की साल लाकडाला घट्ट धरते, पानं पिवळी पडतात आणि खड्डे आटतात. म्हणून हा सल्ला आत्ताच देतो आहे.

नवी मुंबईत शेती उरलीच किती, असा प्रश्न पडेल. १९७० साली सिडको स्थापन झाली आणि ठाणे, पनवेल, उरण भागातल्या ९५ गावांची जमीन शहरासाठी संपादनाखाली आली. आज अनेक घरांकडे भाताचं एखादं खाचर, परसातली वाडी, डोंगराकडेचा वरकस तुकडा एवढंच शिल्लक आहे. रंगाची आणि वाखाची झाडं अशाच जागेत चांगली येतात. नांगर जात नाही तो बांध, गुरं शिरू नयेत म्हणून घातलेलं कुंपण, माती धुपणारा उतार, एवढी जागा त्यांना पुरते.

पुढचा सगळा सल्ला एका गोष्टीवर उभा आहे. रानातून साल आणि मुळं ओरबाडून आणू नका, ती झाडं आपल्या बांधावर आणा. नैसर्गिक रंगाच्या कपड्याला शहरात मागणी वाढली की गावात कुणीतरी येतं, मुळांचा भाव सांगतं आणि दोन हंगामांत टेकडी उघडी करून जातं. पूर्वी असं नव्हतं. लाल रंग देणारी आल खानदेशात आणि वऱ्हाडात शेतात पेरून, दोन-तीन वर्षं सांभाळून मग खणत असत. १८६९ मध्ये अलिझरिन हा लाल रंग कारखान्यात तयार झाला आणि १८९७ पासून कृत्रिम नीळ बाजारात आली, त्यानंतर ही शेती हळूहळू मोडली. ज्या काळात देशातला बहुतेक कपडा झाडांच्या रंगात रंगत होता, त्या काळातही मोठी मागणी रानावर टाकलेली नव्हती. मग आज आपण ती का टाकावी?

कायद्याच्या बाजूचंही सांगून ठेवतो. कर्नाळा अभयारण्यातून पान, फूल, शेंग काहीही उचलता येत नाही. खाडीकाठच्या कांदळवनाची साल काढू नका. अशा सालींच्या काढ्यात पूर्वी सुती जाळी आणि शिडं बुडवत, त्यामुळे ती खाऱ्या पाण्यात टिकत. आता जाळी नायलॉनची आहेत आणि कांदळवनाला उच्च न्यायालयाच्या २००५ आणि २०१८ च्या आदेशांचं संरक्षण आहे. हिरडा, ऐन, खैर, साग ही झाडं वृक्षतोड नियमनाच्या १९६४ च्या राज्य कायद्यात येतात, म्हणजे आपल्या मालकीच्या जमिनीतलं झाडही परवानगीशिवाय तोडता येत नाही. फळं आणि पानं घ्यायला झाड तोडावं लागत नाही, हे लक्षात ठेवलं की पुष्कळ अडचणी टळतात. रानातल्या गौण वनोपजावर तिथल्या आदिवासींचा आणि पारंपरिक वननिवासींचा हक्क २००६ च्या वनहक्क कायद्याने मान्य केला आहे. उरणच्या माणसाला हे वेगळं समजावून सांगायला नको. २५ सप्टेंबर १९३० रोजी चिरनेरच्या अक्कादेवीच्या डोंगरावर जंगल सत्याग्रह झाला, तो रानावरच्या याच हक्कासाठी. त्यात हुतात्मा झालेल्यांना दर वर्षी याच दिवसांत गावात मानवंदना दिली जाते. तेव्हा ठाकर-कातकरी वाडीतून हिरडा किंवा पळसफूल घ्यायचं असेल तर ग्रामसभेच्या माहितीने आणि योग्य भावाने घ्या.

आता वाखाकडे येऊ. या भागातला माझ्या मते सर्वात दुर्लक्षित वाख केवणीचा. केवणी म्हणजेच मुरुडशेंग. लहान मुलांच्या गुटीत उगाळतात ती पीळदार शेंग जिची, तेच हे झुडूप. खारघरच्या डोंगरावर, कर्नाळ्याच्या पायथ्याच्या गावांत, माथेरानच्या कुशीतल्या धोदाणीकडे ते मुबलक आहे. हिच्या सालीचा दोर आदिवासी घरांत भारे बांधायला अजून वापरतात. वाखासाठी वर्ष-दीड वर्षाची, अंगठ्याएवढी सरळ फांदी निवडावी. दोन वर्षांपुढची साल राठ होते आणि वाख ठिसूळ निघतो. फांदी जमिनीपासून वीतभर ठेवून तिरकी कापली की बुंध्याला नवे धुमारे फुटतात आणि पुढच्या वर्षी त्याच झुडपाला जास्त सरळ फांद्या येतात. म्हणजे नीट कापली तर केवणी वाढत जाते. मात्र एका झुडपाच्या सगळ्या फांद्या एका वेळी घेऊ नका, निम्म्या ठेवा. शेंगाही त्यांच्यावरच धरतात आणि शेंगेला काष्ठौषधीच्या दुकानात गिऱ्हाईक असतं.

कापल्या दिवशीच साल सोलून काढा. उशीर झाला की ती सुकून लाकडाला चिकटते. सोललेल्या पट्ट्यांच्या जुड्या बांधून साचलेल्या पाण्यात दोन ते तीन आठवडे बुडवून ठेवा. दोन आठवडे झाले की रोज एक पट्टी बाहेर काढून बोटांत चोळून बघा. वरचा पापुद्रा सुटून आतला वाख रेशा-रेशाने मोकळा होऊ लागला की जुडी बाहेर काढायची, त्यापुढे एक दिवसही ठेवायची नाही. जास्त कुजलेला वाख दिसतो छान, पण पीळ घालताना तुटतो. धुताना आपटू नका, वाहत्या नळीखाली हाताने सोडवा आणि दांडीवर वाळवा.

अंबाडीचं तंत्र थोडं वेगळं. ज्यांनी जूनमध्ये बांधावर किंवा नाचणीच्या कडेने अंबाडी टाकली असेल त्यांनी बोंडं पिकायची वाट बघू नये. निम्मी झाडं फुलोऱ्यात आली की वाखाची अंबाडी कापायची. बियाण्यासाठी कडेच्या पाच-दहा काड्या तेवढ्या राखा. कापलेल्या काड्या दोन-तीन दिवस शेतातच पसरून ठेवल्या की पानं गळतात, ती पानं जमिनीला द्या. मग जुड्या बांधून आधी फक्त बुडखे दोन-तीन दिवस पाण्यात उभे ठेवा, कारण बुडख्याची साल जाड असते आणि ती शेंड्याच्या मागे राहते. त्यानंतर पूर्ण जुडी आडवी बुडवा. ऑक्टोबरच्या उबेत दहा ते पंधरा दिवस लागतात, थंडी पडली की जास्त. जुड्या बुडाव्यात म्हणून वर मातीची ढेकळं किंवा केळीचे सोप टाकायची सवय आहे, ती मोडावी. त्याने वाख काळवंडतो आणि काळ्या वाखाला निम्मा भाव मिळतो. स्वच्छ दगड किंवा सिमेंटचे ठोकळे वापरा. शंभर किलो हिरव्या काड्यांतून जेमतेम पाच-सहा किलो कोरडा वाख निघतो, हा हिशेब धरूनच मजुरी लावा. ताग घेतला असेल तर तो याहून लवकर, आठवड्याच्या आतबाहेर सुटतो. तागाने जमिनीला नत्र मिळतं, हा वेगळा फायदा.

वाख कुजवण्याचं काम ओढ्यात किंवा मासे असलेल्या तळ्यात करू नका. कुजताना पाण्यातला प्राणवायू संपतो आणि मासे मरतात. शेताच्या कोपऱ्यात दोन हात खोल खड्डा खणून त्यात जाड ताडपत्री अंथरली तर घरापुरतं काम होतं. काम झाल्यावरचं घाण वासाचं पाणी पातळ करून वाडीतल्या नारळ-केळीच्या आळ्यांत सोडा, झाडांना ते चालतं.

बांधावरच्या घायपाताला मात्र पाण्याची गरज नाही. तळाची पूर्ण वाढलेली पानं कापून, फळीवर ठेवून बोथट सुरीने खरवडली की पांढरा राठ वाख मोकळा होतो. पानाच्या रसाने कातडीला खाज सुटते, म्हणून हातमोजे घाला, निदान हाताला खोबरेल तेल चोळा. केळीची वाडी असेल तर घड उतरवल्यानंतरचं खोडही वाखाचंच आहे. केळीच्या वाखावर माटुंग्याच्या केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेत काम झालं आहे. १९२४ पासूनची ही संस्था आपल्यापासून लोकलच्या अंतरावर आहे. दहा-पंधरा शेतकऱ्यांनी मिळून यंत्राने वाख काढायचा विचार असेल तर आधी तिथे विचारणा करावी, यंत्र विकायला आलेल्या माणसावर एकट्यावर विसंबू नये.

रंगात पहिलं काम पाण्याचं. उरणकडच्या विहिरी मचूळ, डोंगरपायथ्याच्या बोअरवेलला कुठे कुठे लोह. लोहाच्या पाण्यात पिवळा रंग मळकट हिरवा होतो आणि लाल काळपटतो. पाणी तपासायची घरगुती पद्धत सोपी आहे. काचेच्या पेल्यात पाणी घेऊन चिमूटभर हिरड्याची पूड टाकायची. पाणी करडं-काळं झालं तर त्यात लोह आहे, त्यात रंगकाम करू नये. परतीच्या पावसाच्या सरी अजून पडत आहेत, पागोळ्यांचं पाणी एक-दोन पिंपांत झाकून ठेवलं तर रंगकामाला त्याच्याइतकं चांगलं पाणी नाही.

या दिवसांतला खरा रंग काळ्या कुड्याचा. त्याच्या पानांत निळीचा अंश असतो आणि दक्षिणेत पूर्वी त्याच्यापासून नीळ काढत असत. ओळख मात्र पक्की हवी. पांढरा कुडा वेगळा, त्याच्या जोडशेंगा टोकाशी सुट्या असतात. काळ्या कुड्याच्या कोवळ्या जोडशेंगांची टोकं एकमेकांना चिकटलेली असतात. त्याचं हिरवं पान वाळताना काळसर निळं पडू लागतं, ही दुसरी खूण. औषधासाठी पांढऱ्या कुड्याची साल काढतात, त्याच नजरेने काळ्याचं खोड सोलू नका. आपल्याला पानच हवं. फांदीवरची निम्मी पानं खुडून त्याच दिवशी वापरावीत, शिळ्या पानांत काही राहत नाही.

पानं पातेल्यात दाबून भरायची, पूर्ण बुडतील एवढं पाणी घालून मंद आचेवर तापवायची, उकळी येऊ द्यायची नाही. पाणी हिरवट पिवळं झालं की गाळून घ्यायचं. त्यात चुन्याची निवळी थोडी थोडी घालत रवीने घुसळायचं किंवा दोन बादल्यांतून उंचावरून ओतत राहायचं. हवा लागली की फेसाला निळी झाक येते आणि रंग तळाशी बसतो. वरचं पाणी ओतून देऊन तळचा गाळ जाड कापडातून निथळावा आणि वड्या करून सावलीत वाळवावा. हाती येतं ते फार थोडं. प्रत्यक्ष नीळ हे झुडूप लावलं तरी शंभर किलो पाल्याला किलोभर वडी निघत नाही. म्हणून कुड्याची नीळ विकण्याचा हिशेब पहिल्या वर्षी मांडू नका. आधी घरच्या कपड्यावर हात बसवा, शेंगा तडकायच्या आत हिवाळ्यात बी गोळा करा आणि पुढच्या जूनमध्ये कुंपणाला काळा कुडा लावा. नीळ झुडपाचं बी मिळालं तर तेही जूनमध्ये वरकस जमिनीत पेरा. फुलोऱ्याआधी, तीनेक महिन्यांत पहिली कापणी मिळते.

आल म्हणजे बारतोंडी. किनाऱ्याजवळ एक जात आणि डोंगराकडे दुसरी, रंग दोन्हींच्या मुळात. हे झाड लावून तीन-चार वर्षं थांबायची तयारी असेल त्यानेच त्यात पडावं. बांधावर हातभर अंतराने ओळ लावायची आणि चौथ्या वर्षापासून दर वर्षी ओळीचा एक तुकडा खणून तिथे लगेच नवी रोपं लावायची, म्हणजे ओळ कधी संपत नाही. जाड मुळात रंग कमी, पेन्सिलीएवढ्या आणि त्याहून बारीक मुळांत जास्त. खणताना बारीक मुळं मातीत टाकून देतात, तिथेच खरी कमाई जाते. मुळात आंबटपणा असतो, तो रंग चढू देत नाही, म्हणून कुटलेली मूळसाल आधी थंड पाण्यात दोनदा धुऊन ते पाणी फेकायचं आणि मग कोमट पाण्यात, हळूहळू उष्णता वाढवत रंग काढायचा. मंजिष्ठाचा लाल रंग याहून सुरेख असतो हे खरं, पण घाटमाथ्यावरची ती वेल मुळासाठी खणून काढली तर तिथे काही उरत नाही. रोपवाटिकेतून आणलेली असेल तरच मंजिष्ठा वापरा.

सुती कापडावर तुरटी एकटी नीट बसत नाही, तिला आधी तुरट रसाचा आधार लागतो. तो देतो हिरडा. कोरड्या कापडाच्या वजनाच्या पंधरा ते वीस टक्के हिरड्याची पूड रात्रभर भिजवून त्यात धुतलेलं कापड बुडवायचं, वाळवायचं आणि मग दहा ते पंधरा टक्के तुरटीच्या पाण्यातून काढायचं. ही पायरी गाळली की पहिल्या धुण्याला रंग उतरतो आणि दोष नैसर्गिक रंगाला दिला जातो. बोर्डो मिश्रणासाठी वाडीत मोरचूद असतंच म्हणून ते रंगाच्या भांड्यात टाकायचा मोह होईल. टाकू नका. रंग पक्का होतो, पण उरलेलं पाणी जमिनीला आणि माशांना विष होतं. काळा, राखाडी हवा असेल तर गंजलेलं लोखंड गुळाच्या पाण्यात दोन-तीन आठवडे मुरवून निघालेलं काळं पाणी वापरा.

एक गोष्ट आपल्या भाताच्या रीतीतच आहे आणि तिचा रंगासाठी कुणी फारसा विचार केलेला नाही. राबासाठी आपण दर वर्षी ऐनाचा टहाळ तोडतो आणि भाताच्या रोपवाटिकेच्या जागी जाळतो. त्या फांद्यांची साल रंगाला उत्तम असते. तुरटीवर ती तपकिरी देते, लोखंडाच्या पाण्यावर काळपट. या हिवाळ्यात टहाळ वाळत टाकण्याआधी मनगटाएवढ्या फांद्यांची साल उतरवून घ्या, राबाला पाला आणि काटक्या पुरतात. उभ्या झाडाच्या खोडाला विळा लावायची गरज पडत नाही. खोडाची साल सभोवार काढली की झाड मरतंच, एका बाजूची थोडी काढली तरी जखमेतून वाळवी शिरते.

बाकी रंग सोपे आहेत. पारिजातकाची फुलं सध्या पहाटे सडा घालतात, त्यांचे केशरी देठ वेगळे करून सावलीत वाळवा. रेशमावर देखणा पिवळा येतो, पण उन्हात तो लवकर विटतो. सागाचं कोवळं पान चुरडल्यावर बोटं लाल होतात, तोच रंग कापडावर तुरटीने गुलाबी-जांभळट बसतो. पळसाची फुलं माघ-फाल्गुनात येतील. झाडाखाली चादर अंथरून गळालेली ताजी फुलं घ्यावीत, फांद्या मोडू नयेत, कारण त्या दिवसांत रानातल्या पाखरांना तो मध लागतो. होळीच्या रंगासाठी शहरातल्या सोसायट्या वाळलेली पळसफुलं मागतात, त्यामुळे कपड्याच्या आधी हीच विक्री होते. दसरा-दिवाळीला न खपलेला झेंडू फेकू नका, पाकळ्या वाळवून ठेवा. वाशीच्या कांदा-बटाटा बाजारात कांद्याची टरफलं पोत्यांनी पडलेली असतात. नवख्या माणसाने रंगाचा हात बसवावा तो या टरफलांवर. झाडाला धक्का नाही, खर्च नाही आणि तुरटीवर येणारा सोनेरी तपकिरी रंग भरवशाचा.

कोकणच्या दमट हवेत वाळवण हाच सगळ्या धंद्याचा कणा आहे. ऑक्टोबरच्या कडक उन्हात वाख आणि साली पूर्ण वाळवून घ्या, फुलं मात्र सावलीतच. पिशवीत भरल्यावर दोन दिवसांनी आतून बाष्प दिसलं तर माल पुन्हा बाहेर पसरा. बुरशी लागलेलं एक पोतं शेजारची चार घेऊन जातं. प्रत्येक पिशवीवर झाडाचं नाव, गावाचं नाव, तोडणीचा महिना लिहा आणि त्याच मालात रंगवलेली सुती चिंधी टाचून द्या. रंगारी बोलण्यापेक्षा चिंधीवर विश्वास ठेवतो. विटणारा रंग असेल तर तो विटतो असं आधीच सांगा. सीबीडी बेलापूरच्या अर्बन हाटमध्ये राज्याराज्यांतले विणकर आणि छपाईवाले प्रदर्शनाला येतात, त्यांच्याकडे चिंध्या आणि वाखाच्या दोन लडी घेऊन जा. ऑर्डर मिळेपर्यंत माल साठवत बसू नका. पहिल्या वर्षी कुणी दहा किलो वाख मागितला तरी तो एकसारख्या रंगाचा आणि लांबीचा द्या, भेळमिसळ माल दुसऱ्यांदा कुणी घेत नाही.

बियांचं काम डिसेंबर ते मार्चमध्ये उरकायचं. केवणीच्या शेंगा काळपट होऊन टोकाला उघडू लागल्या की बी काढा. त्याचं कवच टणक असतं, म्हणून मे अखेरीस उकळून खाली उतरवलेल्या पाण्यात टाकून ते पाणी थंड होईपर्यंत ठेवा आणि दुसऱ्या दिवशी पिशव्यांत लावा. बारतोंडीचं पिकलेलं फळ कुजवून बी धुऊन घ्यावं. ते उगवायला वेळ घेतं, तेव्हा महिनाभर काही दिसलं नाही म्हणून पिशव्या उलटवू नका, फक्त ओल राखा. पहिल्या दोन पावसांनी बांधाची माती बसली की रोपं लावा, आणि भाताची लावणी सुरू व्हायच्या आत हे काम संपवा, कारण त्यानंतर महिनाभर कुणाचे हात मोकळे नसतात.